नऊ ते पाच लूम बंद

दुखणं घरचं गं, उंबऱ्याआड ठेव बाय,
भायेर पडलं का त्याला घराची वाट न्हाय.

पडघ्याची आत्या भात कांडता कांडता म्हणायची. मुसळ खाली आलं की शब्द तुटायचा, वर गेलं की पुन्हा जुळायचा. कलावती तेव्हा सात वर्षांची होती. आत्या जाऊन जमाना झाला, पण तो आवाज कलावतीच्या कानात राहिला तो राहिलाच.

आता कामतघरच्या चाळीत तिच्या खोलीच्या मागच्या भिंतीला लागून कापड विणायच्या लूमचा कारखाना आहे. दोन्ही शिफ्टला खटखट चालू. फळीवरचे पेले थरथरतात, बोलायचं तर ओरडून बोलावं लागतं. लोक त्या आवाजाला शिव्या देतात. कलावती मात्र गेले चार महिने त्याला मनातल्या मनात हात जोडत होती. कारण त्याच्या पोटात दोन आवाज लपत होते: तिच्या नवऱ्याचा, वाल्मीकचा खोकला, आणि त्याला प्राणवायू देणाऱ्या मशीनची घरघर. शुक्रवारी लूम बंद असले की ती टीव्ही मोठा लावायची.

डॉक्टर म्हणाले होते, "टीबी नाही हो, बाई. तीस वर्षं लूमवर कापसाची धूळ छातीत गेलीय. कोणाला लागायचं नाही हे." पण नळावर डॉक्टर कुठे येतात? दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गोदूच्या नवऱ्याला टीबी झाला, तेव्हा बायकांनी गोदूचा हंडा पायाने रांगेबाहेर सारला होता. त्या पायांत एक पाय कलावतीचा होता.

शिवाय मुलीचं, रियाचं, पडघ्यात लग्न जमलेलं. वाल्मीकने शपथ घातली होती, "पोरीचं लगीन होऊ दे. तवर कोनी इचारलं तर पाठ धरलीय म्हन."

मागच्या आठवड्यात वीज कंपनीच्या कंत्राटदाराचा माणूस दीपेश कागद घेऊन नळावर आला. डोक्यावरच्या तारा काढून जमिनीत केबल टाकणार, मीटर नवे बसवणार, सोमवारी नऊ ते पाच लाईट नाही. पाणी भरून ठेवा, लिफ्टबिफ्ट असेल तर चढू नका.

"लिफ्ट? आमचा जिना तरी धड हाय का रं?" गोदू म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

"आणि घरात श्वासाच्या मशीनवर कोणी असेल तर नाव सांगा. जनरेटरची तार देऊ."

कलावतीच्या घशापर्यंत नाव आलं. मागे बारा बायका उभ्या होत्या. तिने हंडा उचलला.

तिने हिशेब केला होता तो असा: प्राणवायूचा लहान सिलिंडर अडीच तास पुरतो, आणि इथे कागदावर नऊ ते पाच असलं तरी लाईट अकराला येतेच. इतकी वर्षं तेच होत आलेलं.

सोमवारी नऊला लूम थांबले. सगळे, एकदम. शुक्रवारी निदान टीव्ही, पंखे तरी असत; एवढी शांतता तिने कामतघरात कधी ऐकली नव्हती. लांब कुणाच्या तरी कढईत झारा वाजला तोही ऐकू आला. आणि मग वाल्मीक खोकला.

कलावतीने दार लावलं. खिडकी लावली. फटीत गोधडी कोंबली. पंखा नाही, वारा नाही, पत्रा तापू लागला.

"कलावती गं," दाराबाहेरून गोदू. "कोन खोकतंय?"

"रेडिओ हाय."

"रेडिओला खोकला झाला? औषध दे मंग त्याला."

अकरा वाजले, लाईट आली नाही. सिलिंडरचा काटा लाल रेषेकडे झुकला. ती बाहेर आली. गल्लीभर खणलेला चर, त्याच्या कडेला जुन्या तारांचं भेंडोळं, पलीकडे जनरेटर, आणि दीपेश चरात उतरलेला.

"भाऊ, लाईट कधी येल?"

"पाचला, मावशी. कागदात लिहिलंय ना."

"जरा आधी न्हाय व्हायाची?"

"आज नाही. खांबावरची तारच उतरवली, आता पाठवू कशावरून? फ्रीजमध्ये मासळी आहे का?"

बायका हसल्या. कलावतीही हसली. "हो," म्हणाली, आणि परत फिरली.

आत वाल्मीक भिंतीला टेकून बसला होता. खांदे श्वासाबरोबर वर जात होते, पण श्वास मागेच राहत होता. तिने पदराने वारा घातला. काटा शून्यावर गेला. रिक्षा बोलवावी तर चर ओलांडून ती दारात येणार कशी? रियाला फोन लावला. ती राहनाळच्या गोडाऊनमध्ये कामाला. ड्युटीवर फोन बाहेर ठेवावा लागतो. बेल वाजून वाजून थांबली.

वाल्मीकने तिचं मनगट धरलं. मान हलवली. नको. सांगू नको.

त्याच्या नखांवर निळसर सावली उतरत होती.

आणि मग खोकला थांबला. सकाळपासून ती हेच मागत होती, खोकू नका हो, खोकू नका. आता तो खोकत नव्हता. त्याच्यात खोकायची ताकद उरली नव्हती.

"खोका ना," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "मोठ्यानं खोका. ऐकू द्या त्यांना."

छातीतून नुसती शीळ आली.

तिने मनगट सोडवून घेतलं. गोधडी ओढली, खिडकी उघडली, दार सताड उघडं टाकलं आणि अनवाणी धावत चरापाशी गेली. लूम बंद होते, म्हणून तिचा आवाज गल्लीच्या दोन्ही टोकांना पोचला.

"दीपेशभाऊ! रियाचे बाबा मशीनवर हायेत. चार म्हैने झाले. त्यांची छाती गेलीय, पाठ न्हाय. त्या दिवशी मी नाव दिलं न्हाय, लाज वाटली मला. आता दम न्हाय त्यांना. जनरेटरची तार आना, भाऊ, माझ्या घरात तार आना!"