कापलेले चाळीस सेकंद

वडील गेल्यावर भावंडांत भांडण लागतं ते घरावरून, प्लॉटवरून, फार तर आईच्या पाटल्यांवरून. सिडकोतल्या बिडकरांच्या घरी ते एका हार्ड डिस्कवरून लागलं.

श्रीनिवास बिडकर जाऊन पाच महिने झाले होते. चिकलठाण्याच्या कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन त्यांनी सायबर कॅफे काढला, तेव्हा इंटरनेट फोनच्या तारेतून किरकिरत यायचं. त्या काळी ‘टॅडपोल’, म्हणजे बेडकाचं पिल्लू, अशा नावाची एक सेवा होती; तिच्या चिन्हात हिरवा बेडूक होता. आपल्या संगणकावरचं एक फोल्डर उघडं ठेवायचं. जगातल्या कुणीही त्यातून हवं ते घ्यावं, आपणही दुसऱ्याच्या फोल्डरमधून घ्यावं. बहुतेकांनी त्यावरून सिनेमाची गाणी उतरवून घेतली. श्रीनिवासराव मात्र दर रविवारी एसटीनं एखाद्या गावाला जात, बायकांकडून हळदीची गाणी टेपवर घेत आणि त्या उघड्या फोल्डरमध्ये ठेवत. पुढे टॅडपोल बंद पडलं. मग त्यांनी तीच गाणी एका साध्या वेबसाइटवर ठेवली. लग्नघरं ती तिथून घेत. कुणी कुणाला विचारत नसे.

आता कुणीतरी टॅडपोलचं नाव विकत घेतलं होतं. चिन्हातला हिरवा बेडूक तोच होता, पण दुकान निराळं होतं. इथे ‘डिजिटल संग्रहवस्तू’ विकल्या जात. एक फाइल, तिला एक क्रमांक, तिचा एक मालक.

“ताई, टॅडपोल परत आलंय!” पुण्याहून आलेला त्यांचा धाकटा मुलगा मिहिर पहिल्याच चहाला म्हणाला. “आठवतंय? एक गाणं उतरायला अख्खी दुपार जायची. बाबांच्या हार्ड डिस्कवरची सगळी गाणी तिथं ठेवू. बाबांचं नाव कायमचं राहील.”

त्याच्या थोरल्या बहिणीला, मनस्विनीला, त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं ऐकू आलं. पाच महिन्यांत बाबांचं नाव घरात कुणी घेतलं नव्हतं. दिवस झाल्यावर येणारे-जाणारे थांबले, आणि शाळेत शिकवून घरी आल्यावर तिच्याशी बोलणारं कुणी उरलं नाही.

“मी हार्ड डिस्क पुण्याला नेली होती ना, तिच्यातल्या फाइली साफ केल्यात,” मिहिर सांगत होता. “सुरुवातीचे तीस-चाळीस सेकंद कचराच होता. भांड्यांचे आवाज, खोकणं, बाबांचं बोलणं. सगळं कापलं. आता स्वच्छ ऐकू येतं.”

कचऱ्याच्या यादीत बाबांचं बोलणं! तिच्या हातातला कप थांबला. मग ती उठून तो विसळायला गेली. बाबांच्या आजारपणात मिहिर दोनदाच आला होता. एकदा बोलायला लागली असती, तर तिथपर्यंत गेली असती.

संध्याकाळी नव्या टॅडपोल कंपनीच्या शिवराजचा व्हिडिओ कॉल आला. तिशीतला, हसरा, दर वाक्यात ‘मॅम’.

“मॅम, सध्या नॉस्टॅल्जियालाच मार्केट आहे. लोकांना त्यांचा तो फुकटचा काळ विकत हवाय.”

“फुकट होता ना तो?” मनस्विनीनं विचारलं.

“म्हणून तर!” शिवराज खूश झाला. “फक्त करारावर तुम्हा दोघांच्या सह्या हव्यात. दुसरीकडे कॉपी नको. आणि त्या गाणाऱ्या आजींचा एक छोटा व्हिडिओ. हात दाखवा, सुरकुत्या छान येतात.”

मनस्विनीनं मिहिरकडे पाहिलं. तो होकाराची मान हलवत होता.

त्या आजी म्हणजे सोयगावच्या मनकर्णाबाई. श्रीनिवासरावांच्या संग्रहातली निम्मी गाणी त्यांच्या आवाजात होती. रविवारी दोघं भावंडं निघाली. सिल्लोडपर्यंत मिहिर फोनवर बोलत होता, अजिंठ्याच्या घाटात रेंज गेली म्हणून गप्प बसला.

मनकर्णाबाई ओसरीवर तूर पाखडत होत्या. त्यांच्या सुनेनं, सुरेखानं, पाणी आणलं. मिहिरनं तांब्या बाजूला सरकवला आणि पिशवीतून कागद काढले.

“मावशी, इथं अंगठा करा. सगळं कायदेशीर आहे. तुम्हालाही वाटा मिळेल.”

मनकर्णाबाईंनी सूप खाली ठेवलं. “तू शिरनिवासभाऊचा पोरगा व्हय? तुझा बाप इथं आला की आधी चहा प्यायचा अन् कपबशी सोता विसळून ठिवायचा. तू तर पायातून चपला काढायच्या आत कागद काढला.”

सुरेखा तोंडाला पदर लावून हसली. मग सासूकडे बघत गंभीर झाली. “ताई, एक इचारू का? परवा लासूर स्टेशनला माझ्या भाचीची हळद होती, मला जाता नाय आलं. पोरींनी आत्याबाईचं गाणं लावायला बघितलं, तर ते पान उघडंचना. आत्याबाईला तर दम्यानं आता दोन ओळी म्हणता येईनात. हळद गाण्याबिगर लागली. काय झालं त्याला?”

“वेबसाइट बंद केली,” मिहिर म्हणाला. “कंपनीची अट आहे.”

“कधी?” मनस्विनीचा आवाज चढला. “मला न विचारता?”

“तू सही करणारच होतीस ना!”

ते खरं होतं. म्हणूनच तिला जास्त लागलं.

“अन् आता गाणं कुणाचं?” मनकर्णाबाईंनी विचारलं.

“जो विकत घेईल त्याचं, मावशी. एकच मालक.”

“तो एकटा काय करील त्याचं? हळदीचं गाणं दहाजणींनी उचललं तर गाणं हाय. मामाला चिडवायचं, व्याह्याचा पानउतारा करायचा, अन् सगळ्यांनी हसायचं. बंगल्यात एकटा बसून तो कोणाच्या मामाला चिडवील?”

“लई दिवसांपासून एक गाणं माझ्या फोनात हाय,” सुरेखा मध्येच म्हणाली. “जुनंच उतरवलेलं. लावू?”

तिनं ते लावलं. आधी भांडं पडल्याचा आवाज आला. मग कुणीतरी खोकलं, आणि पाच महिन्यांनी मनस्विनीला वडिलांचा आवाज ऐकू आला.

“मनकर्णाबाई, हे गाणं मी कंप्युटरात ठेवणार. कुणीही घेईल, अगदी परदेशातलासुद्धा. चालेल ना?”

“घेऊ द्या की. माझ्या आईनं मला दिलं तव्हा कुठं कागद केला व्हता? पण भाऊ, एक हाय. ह्याला कुणी दार लावायचं नाय.”

“नाही लावणार.”

“पोरांनाबी सांगून ठिवा.”

वडील हसले. “पोरं माझीच आहेत, बाई. त्यांना सांगावं लागणार नाही.”

मग गाणं सुरू झालं: ‘मामा आला मोटारीनं, आहेर राहिला शेतात.’ मागे दहा-बारा बायका खदखदून हसत होत्या. ओसरीवर कुणी हसलं नाही.

“मिहिर,” मनस्विनी म्हणाली, “याची मूळ फाइल कुठंय?”

“त्याच फाइलवर सेव्ह केलं मी.”

“दुसरी प्रत?”

“पुसली.” त्याचं तोंड उतरलं होतं. “दुसरी प्रत नको, अशी अट होती ना... सगळ्या गाण्यांच्या पुसल्या.”

म्हणजे बाबांचा तो प्रश्न, बायकांची ती उत्तरं, घरात आता कुठेच नव्हती! स्वतःच्या बापाचा आवाज मुलानं पुसला, आणि तो उरला होता सोयगावच्या एका सुनेच्या फोनमध्ये. तिनं तो न विचारता, फुकट घेतला होता, म्हणून.

मिहिर ओसरीच्या पायरीवर बसला. “मला वाटलं मी जपतोय,” तो म्हणाला. सुरेखाकडे न बघता त्यानं विचारलं, “ताई, ते गाणं मला पाठवाल का?”

“मागताय कशाला? घ्या की,” सुरेखा म्हणाली.

मनस्विनीनं तिथूनच शिवराजला फोन लावला. तो व्हिडिओचं विचारू लागला, तेव्हा तिनं त्याला थांबवलं. “ही गाणी आमची नाहीत. आमच्या वडिलांचीही नव्हती. तुमच्या बेडकाला दुसरं काहीतरी विकायला द्या.” त्यानं ‘मॅम’ म्हणायच्या आत तिनं फोन ठेवला. मनकर्णाबाईंनी पुन्हा सूप उचललं आणि मिहिरला म्हणाल्या, “आता पी पाणी.”

त्याच आठवड्यात वेबसाइट पुन्हा उघडली. पहिल्या पानावर मिहिरनं लिहिलं: ‘माझ्या चुकीमुळे या गाण्यांची सुरुवात नष्ट झाली आहे. कुणाकडे जुनी प्रत असेल तर कृपया पाठवा.’ लासूर स्टेशनहून दोन आल्या. जालन्याच्या एका बँडवाल्याकडून अकरा आल्या. मस्कतमध्ये नर्स असलेल्या एका बाईनं वीस पाठवल्या. आईच्या आठवणीसाठी तिनं त्या कधीकाळी टॅडपोलवरूनच उतरवल्या होत्या. दर फाइलच्या सुरुवातीला भांडी वाजत होती आणि मनस्विनीचे वडील कुणाची तरी परवानगी मागत होते. काही गाण्यांची सुरुवात मात्र मिळाली नाही. ती आता मिळणारही नाही.

वाचकहो, आपल्या आठवणींना क्रमांक लावून त्या आपल्यालाच विकणारी दुकानं आता जागोजागी निघतील. ती आपल्या तरुणपणाच्या खुणा दाखवतील, आपल्या माणसाचं नाव अमर करण्याचं वचन देतील. सही करण्याआधी एवढंच विचारा: ज्यांनी हे दिलं, त्यांनी कोणत्या शब्दावर दिलं होतं? दहा जणांनी मिळून केलेली गोष्ट एकाच्या मालकीची होत नाही, आणि कुलूप लावल्यानं ती जपलीही जात नाही. श्रीनिवास बिडकरांचा आवाज आज ऐकू येतो, कारण ज्यांना ते ओळखतही नव्हते अशा माणसांना त्यांनी तो घेऊ दिला होता.