लिंडन रोडच्या उत्तरेला

शाळेची नवी हद्द लिंडन रोडच्या मधोमध गेली. नेडीन वोसिकाचं घर उत्तरेला पडलं आणि समोरचं पेगीचं दक्षिणेला. रस्ता असा कितीसा रुंद? पेगीने दारात उभं राहून हाक मारली की नेडीनने आपल्या ओट्यापाशी ऐकावी, एवढाच. पण शाळा मंडळाच्या नकाशावर तिथे जाड रेघ होती. रेघेच्या उत्तरेकडच्या मुलांनी नव्याकोऱ्या नॉर्थ हायस्कूलला जायचं, दक्षिणेकडच्यांनी जुन्या क्रीकला.

क्रीक म्हणजे हार्लन क्रीक हायस्कूल. ओमाहा शहराच्या पश्चिमेला जिथे एकेकाळी नुसता मकाच मका होता, तिथे घरांच्या ओळीमागून ओळी उठल्या, तरी हायस्कूल एकच राहिलं होतं. नेडीन तिथे शिकली. पेगीही. दोघी बँडमध्ये शेजारीशेजारी उभ्या राहून क्लॅरिनेट वाजवायच्या. ऑक्टोबरच्या गारठ्यात बोटं आखडली की एकमेकींच्या कोटाच्या खिशात हात घालायच्या. आणि मैदानाच्या वरच्या काचेच्या खोलीत बसून फुटबॉलच्या सामन्याची हकीकत सांगायचे ते नेडीनचे वडील, एमिल कुबाट. दर शुक्रवारी संध्याकाळी भोंग्यातून त्यांचा भरदार आवाज यायचा, तो धान्याच्या कोठारापर्यंत ऐकू जायचा. घरी मीठ मागतानाही ते त्याच आवाजात मागत.

आता त्या दोघींच्या मुली, नेडीनची कोरीन आणि पेगीची मॅडी, बालवाडीपासून एकमेकींच्या सावल्या, येत्या ऑगस्टमध्ये नववीत जायच्या होत्या. गर्द लाल गणवेश घालून दोघी बँडमध्ये उभ्या राहणार, हे त्यांच्या आयांनी त्या पाळण्यात असतानाच ठरवून टाकलेलं.

"ही रेघ मी हलवणार," पेगी म्हणाली. नेडीनच्या स्वयंपाकघरात बसून ती गरम कोलाचे, चेक पद्धतीचे गोड पाव, खात होती, खसखशीचं सारण ओठाला लागलेलं. "तू फक्त सभेत बोल. एमिल कुबाटची मुलगी बोलायला उभी राहिली तर मंडळातल्या निम्म्या लोकांचे डोळे भरून येतील."

"आणि उरलेल्या निम्म्यांचं काय?"

"त्यांच्याकडे मी बघते."

नेडीनचा नवरा डेल कॅन्ससचा. त्याला यातलं काही कळायचं नाही. "अगं, शाळाच आहे ती," तो म्हणाला. "नवी आहे, छत गळत नाही, पोहायचा तलाव आहे."

"तुमच्या गावात नव्हतं का रे काही जीव लावण्यासारखं?" पेगीने विचारलं.

"होतं ना. डेअरी क्वीनचं आइस्क्रीम."

पेगीने पर्यायी नकाशा तयार केला होता. मुलांची संख्या दोन्ही शाळांत सारखी व्हायला हवी, हे मंडळाने आधीच बजावलं होतं. म्हणजे लिंडन रोडची मुलं क्रीकला ठेवायची तर दुसरी कुणीतरी नॉर्थला पाठवायला हवीत. पेगीने हायवेलगतची सनसेट अपार्टमेंट्स निवडली.

"त्यांना काय गं, क्रीक काय आणि नॉर्थ काय," ती म्हणाली. "तिथली माणसं सारखी घरं बदलत असतात."

नेडीनने मान डोलावली. तिचं लक्ष भाषणात काय बोलायचं याकडे होतं.

सभा क्रीकच्याच सभागृहात होती. मार्चमधला बर्फ वितळून बाहेर नुसता राडा झालेला, आणि आत ओल्या कोटांचा वास. नेडीन आत शिरली आणि तिला एकदम सोळा वर्षांची झाल्यासारखं वाटलं. तीच लाकडी आसनं, पडद्याच्या कडेला तेच ठिगळ. याच रंगमंचावर पेगीला टाळ्या पडत असताना उचकी लागली होती. खुर्चीखाली हात घालून तिने चाचपून पाहिलं, च्युइंगमसुद्धा होतं.

माणसं एकेक करून बोलत होती. एकाने घरांच्या किमती पडतील म्हणून सांगितलं. दुसरा म्हणाला, "आम्ही इथे घर घेतलं ते क्रीकसाठी. भाड्याने राहणाऱ्यांचं तसं नसतं." टाळ्या पडल्या. नेडीनचेही हात वर आले होते, पण वाजले नाहीत.

मग एक उंच, सावळी बाई माइकपाशी आली. अंगात रुग्णालयाचा निळा पोशाख, कामावरूनच आलेली. "मी अचोल देंग," ती म्हणाली. "सनसेटमध्ये राहते. घर बदललेलं नाही, आल्यापासून तिथेच आहे. शाळा मात्र माझ्या मुलांच्या तीनदा बदलल्या. दर वेळी रेघ आमच्यावरूनच जाते." तिने वळून सभागृहाकडे पाहिलं. "तुम्हा सगळ्यांच्या आठवणी ऐकल्या. फार चांगल्या आहेत. माझ्या थोरल्याला आत्ता कुठे इथे मित्र मिळालेत. एक जण त्याला घरी जेवायला बोलावतो. मला वाटतं, त्याच्याही आठवणी व्हाव्यात. एवढंच." आणि ती जागेवर जाऊन बसली. टाळ्या दोनचारच पडल्या.

पुढचं नाव नेडीनचं होतं.

ती बोलली. वडिलांच्या आवाजाबद्दल बोलली, गारठ्यातल्या शुक्रवारांबद्दल, बँडमधल्या पोरांच्या आया पहाटे उठून भाजायच्या त्या कोलाच्यांबद्दल. सभागृह शांत झालं होतं. मंडळातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने खरोखरच चष्मा काढून पुसला. मग अध्यक्षीणबाईंनी विचारलं, "म्हणजे मिसेस वोसिका, तुमचा या पर्यायी नकाशाला पाठिंबा आहे, असंच ना?"

नेडीनने पाहिलं. पेगी पहिल्या रांगेत बसून जोरजोरात मान हलवत होती. मागे कुठेतरी तो निळा पोशाख होता.

"मला क्रीक हवंय," नेडीन म्हणाली. "खूप हवंय. पण... त्यांच्या मुलांना उठवून नको. तसं असेल तर राहू द्या."

तिच्या मागे आसनं कुरकुरली. पेगीची मान थांबली होती.

गाडीपाशी पेगीने तिला गाठलं. "राहू द्या? राहू द्या म्हणालीस तू?"

"पेगी, ऐक..."

"तुझ्यासाठी राबत होते मी! माझं घर दक्षिणेला आहे, नेडीन. मला काय पडलं होतं? मी हे तुझ्यासाठी केलं. कोरीनसाठी केलं. आणि तू साऱ्या गावासमोर मला वाईट ठरवलंस."

हे खरंच होतं, आणि नेडीनला ते त्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं. पेगी राडा तुडवत निघून गेली.

महिनाभरात मंडळाने मूळचीच रेघ मंजूर केली. नेडीन बोलली नसती तरी तेच झालं असतं, असं डेल म्हणे. कोरीनला ते पटणारं नव्हतं.

"तू माझी शाळा देऊन टाकलीस," ती म्हणाली. "स्वतः मजा केलीस तिथे, आणि माझ्या वेळेला मोठेपणा सुचला. मला विचारलंस तरी का?"

"नाही विचारलं," नेडीन म्हणाली. "विचारायला हवं होतं."

"मग आता सांगून काय उपयोग?" कोरीनने ताट सरकवलं आणि ती खोलीत निघून गेली. लिंडन रोडच्या दोन्ही बाजूंना तो वसंत मुकाच गेला. मॅडीने एकदोनदा येऊन पाहिलं, पण दोघींच्या आया बोलत नाहीत म्हटल्यावर तिलाही अवघडल्यासारखं व्हायचं.

रविवारी जेवायला एमिल यायचे. सगळी हकीकत त्यांच्या कानावर गेलीच होती. त्यांनी डुकराच्या मांसाबरोबरचं कोबीचं लोणचं वाढून घेतलं आणि शेजारी घुम्यासारख्या बसलेल्या नातीकडे पाहिलं.

"माझीपण शाळा गेली होती," ते म्हणाले.

"कुठली? तुम्ही तर क्रीकचेच ना, आजोबा?"

"क्रीकला मी आलो दहावीत. त्याआधी आमची टेकडीवरची शाळा होती. दोन खोल्या आणि एक शेगडी. सगळी पोरं आपलीच, बोहेमियन, म्हणजे चेक. बाई दटावायच्या इंग्रजीत आणि आम्ही कुजबुजायचो चेकमध्ये. मग सरकारने ठरवलं, असल्या शाळा बंद करा आणि सगळ्यांना बसने क्रीकला न्या. माझी आई स्वयंपाकघरात रडली. मी वर्षभर क्रीकचा द्वेष केला. पोरं आम्हाला बोहंक म्हणून हिणवायची. शिक्षकांना आमची नावंसुद्धा घेता यायची नाहीत. सामन्यात आमच्यातला ह्रदलिचका चेंडू घेऊन धावला तर भोंग्यातला माणूस म्हणायचा, हर... हर्ली... आणि सोडून द्यायचा. माझं डोकं फिरायचं. शेवटी एकदा वर गेलो आणि म्हटलं, द्या इकडे तो माइक."

इतक्या वर्षांत हे त्यांनी नेडीनला कधी सांगितलं नव्हतं. वडील आणि क्रीक हे तिच्या मनात असे एकजीव होते, की वडिलांना क्रीकच्या आधी काही होतं, आणि ते त्यांच्याकडून कुणी काढून घेतलं होतं, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. टेकडीवर आता एकाला एक लागून टाउनहाउस उभी होती. रोज त्यांच्यासमोरून ती कामाला जायची.

"तुम्हाला तिची आठवण येते, आजोबा?"

"शेगडीची येते," एमिल म्हणाले. "आम्ही तिच्यावर बटाटे भाजायचो. लोणचं दे इकडे."

ऑगस्टमध्ये नॉर्थ सुरू झालं. भिंतींना रंगाचा वास, झाडं काठ्यांना बांधलेली, आणि बँडचे हिरवे गणवेश अजून यायचेच होते. पहिले काही आठवडे कोरीन घरी यायची ती दप्तर आपटत. जेवायला कुणाबरोबर बसतेस, असं नेडीनने एकदाच विचारलं, पुन्हा विचारायचं धाडस झालं नाही. सप्टेंबरमध्ये कधीतरी तिच्या बोलण्यात 'ते लोक' जाऊन 'आम्ही' आलं. आमच्या बँडला स्वतःचं गाणंच नाही, ती म्हणाली, म्हणून आम्हीच एक बसवतोय. इव्हेट नावाची ट्रम्पेटवाली चाल करतेय आणि शब्दांवरून मारामारी चाललीय. रात्री तिच्या खोलीतून तीच चार सुरांची ओळ पुन्हापुन्हा ऐकू यायची. डेल म्हणाला, डेअरी क्वीनची जाहिरात यापेक्षा बरी होती. कोरीनने त्याला उशी मारली, आणि हसली.

त्याच सुमारास वाण्याच्या मोठ्या दुकानात नेडीनला अचोल देंग दिसली. दोघी टोमॅटोच्या एकाच ढिगापाशी उभ्या होत्या. नेडीनला वाटलं, बोलावं. मुलगा कसा आहे विचारावं. तिने हसून पाहिलं. अचोलही हसली, अनोळखी माणसाकडे बघून हसावं तशी, आणि ढकलगाडी घेऊन पुढे गेली. तिने ओळखलं नव्हतं. नेडीनला आधी थोडं लागलं, मग स्वतःचंच हसू आलं. आपण काय आभारांची वाट बघत होतो की काय?

ऑक्टोबरच्या एका शुक्रवारी नॉर्थचा सामना क्रीकशी, क्रीकच्या मैदानावर होता. एमिलना कंबर धरल्यामुळे यायचं नव्हतं. "मी नाही त्या पाहुण्यांच्या लोखंडी फळ्यांवर बसणार," असंही ते म्हणाले. डेल आणि नेडीन गेले. फाटकातून आत शिरल्यावर नेडीनची पावलं आपोआप उजवीकडे वळली. डेलने दंडाला धरून तिला डावीकडे घेतलं.

पाहुण्यांच्या बाजूला ती जन्मात बसली नव्हती. तिथून आपली बाजू समोर दिसत होती: गर्द लाल जाकिटांचा उतार, वरची काचेची खोली, आतला दिवा, खाली कोलाचे विकणाऱ्या आयांचं टेबल. वाफ निघत होती. सगळं इतकं लहान होतं! तिच्या आठवणीत त्या पायऱ्या आभाळाला टेकलेल्या होत्या. ती नजर हटवू शकेना. कुठे बसायचो आपण? चौथी रांग. तिथे आज कुठलीतरी दोन पोरं एकाच पांघरुणात गुरफटून बसली होती.

"सरक जरा."

पेगी उभी होती. हातात कागदी पेले, लाल टोपी. पाहुण्यांच्या बाजूला ती एकटीच लाल. आजूबाजूच्या हिरव्या शर्टांतून कुणीतरी "चुकलीस, बाई!" म्हणून ओरडलं. "माहितेय मला!" ती ओरडून म्हणाली, आणि नेडीनला खेटून बसली.

तिने कॉफीचा एक पेला नेडीनच्या हातात दिला.

"मी अजून रागावलेली आहे," पेगी म्हणाली.

"माहितेय."

"ते सनसेटचं... मी विचार केला नव्हता गं. खरंच केला नव्हता. पण तू मला आधी घरी सांगायचं होतंस. तिथे नाही."

"मलाच तिथे जाऊन कळलं, पेगी."

पेगीने नाक ओढलं. थंडीमुळे असेल. "मॅडीने बँड सोडला. सांगितलं का तुला कोरीनने? चित्रकला घेतली. म्हणते, क्लॅरिनेट मला कधीच आवडत नव्हतं, तुम्ही दोघींनीच ठरवलेलं."

नेडीन हसायला लागली. मग पेगीही हसली, पेला सांडेपर्यंत.

मध्यांतरात क्रीकच्या बँडने शाळेचं गाणं सुरू केलं. पहिल्या सुराबरोबर नेडीन उठून उभी राहिली, हात छातीवर. विचार करायला वेळच मिळाला नाही. पाय आपसूक उठले. साऱ्या हिरव्या जमावात पेगी आणि ती, दोघीच उभ्या. खाली मैदानाच्या कडेला नॉर्थचा बँड आपल्या पाळीची वाट बघत होता, गणवेश नसल्यामुळे साध्या शर्टांत कुडकुडत. त्यातून कोरीनने वर पाहिलं. तिचे ओठ स्पष्ट वाचता येत होते: आई. बस. खाली.

नेडीन बसली. पेगी मात्र शेवटच्या सुरापर्यंत उभी राहिली.

मग हिरव्या शर्टांची मुलं मैदानावर गेली. ओळी वाकड्या होत्या, ढोलवाला एका ठिकाणी चुकला. नव्या गाण्याची चाल मध्येच भलत्याच उंचीवर जात होती आणि तिथे इव्हेटचा ट्रम्पेट जवळजवळ फाटलाच. शब्द कुणालाच येत नव्हते. तरी नेडीनला ती चार सुरांची ओळ पाठ होती. भिंतीपलीकडून महिनाभर ऐकलेली. ती ओठांत पुटपुटायला लागली.

नॉर्थ सपाटून हरलं. परतताना गाडीत कोरीन मागच्या आसनावर, मांडीवर क्लॅरिनेटची पेटी, खिडकीला डोकं टेकून बसली होती. ती झोपलीय, असं नेडीनला वाटलं.

"पुढच्या शुक्रवारी आमच्या मैदानावर आहे," कोरीन डोळे न उघडता म्हणाली. "लवकर या. वाऱ्याची बाजू सोडून बसा, तिकडे झाडं अजून लहान आहेत. आणि आई..."

"काय गं?"

"आमच्या गाण्याला पण उभी राहशील ना?"

"शब्द शिकव मग," नेडीन म्हणाली.

"ते अजून ठरायचेत," कोरीन म्हणाली, आणि गाडी लिंडन रोडला वळली.