ताईनं दिलेल्या गोळ्या

बाळाचं वजन करून काटा पिशवीत घालताना नर्सबाईंनी सहज विचारलं, "आणि त्या वारेचं काय केलंत शेवटी?"

धाकटी बाळाला लंगोट बांधत होती. तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "कुठली वार?"

"अहो, तुमचीच, बाळामागून पडलेली. तुमच्या ताई बर्फाचा डबा घेऊन खोलीबाहेर उभ्याच होत्या. म्हणाल्या, बहिणीला हवीय. हल्ली मागतात पुष्कळजणी. कुणी बागेत पुरतात, वर झाड लावतात. कुणी खातात."

"मी नको म्हटलं होतं," धाकटी म्हणाली. "स्पष्ट नको म्हटलं होतं."

नर्सबाईंचा हात पिशवीतच थांबला.

धाकटीला सातव्या महिन्यातली एक दुपार आठवली. ताईच्या पार्लरमध्ये ती पाय वर घेऊन बसली होती आणि ताई कुणाचे तरी केस कापता कापता सांगत होती, की एका गिऱ्हाइकानं वार वाळवून, दळून, कॅप्सूलमध्ये भरून खाल्ली आणि बाळंतपणानंतर तिला उदासी म्हणून शिवली नाही. "शी! मेले तरी खाणार नाही," धाकटी म्हणाली होती. ताई हसली होती आणि विषय तिथंच राहिला होता. निदान धाकटीला तसं वाटलं होतं.

ती उठली. स्वयंपाकघरातल्या फळीवरून काचेची छोटी बाटली घेऊन आली आणि नर्सबाईंच्या पुढ्यात ठेवली. बाटलीवर कागद नव्हता. आत तपकिरी कॅप्सूल होत्या, तळाला राहिलेल्या.

"ताई म्हणाली, लोहाच्या आहेत. अशक्तपणावर. एक सकाळी, एक संध्याकाळी."

नर्सबाईंनी एक कॅप्सूल उघडून भुकटी कागदावर ओतली, वास घेतला आणि कागद हळूच दूर सरकवला. "हे लोह नव्हे," त्या म्हणाल्या.

धाकटी मोरीपर्यंत गेली, वाकून उभी राहिली. काहीच पडलं नाही. पडणार तरी काय होतं? सकाळची कॅप्सूल केव्हाच जिरली होती, आणि त्याआधीच्या सगळ्याही.

नर्सबाई बोलल्या ते शांतपणे, पण आडपडदा न ठेवता. आजपासून बंद. घरच्या घरी वाळवलेलं नीट तापलेलं नसलं तर जंतू राहतात आणि आईकडून ते बाळापर्यंत जाऊ शकतात. बाळाला ताप येतोय का, दूध ओढायचं कमी करतंय का, सुस्त पडतंय का, याच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं. "काही वाटलं तर थांबायचं नाही. सरळ दवाखाना."

नवरा बस चालवायचा. पहिली पाळी संपवून तो जेवायला आला, तेव्हा धाकटीनं बाटली ताटाशेजारी ठेवली आणि सगळं सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. मग त्यानं बाटलीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि नको ते बोलून बसला.

"पण या खेपेला तू बरी आहेस ना?"

हाच प्रश्न मघापासून धाकटीला आतून कुरतडत होता.

पहिल्या लेकीच्या वेळी ती बरी नव्हती. ती लेक आता शाळेत जायची, दात पडलेले दाखवत हसायची. पण तेव्हा धाकटीला तिला हात लावायचीसुद्धा भीती वाटे. ती न्हाणीघरात नळ सोडून बसायची, तासन् तास. एकदा आतून कडी लावून बसली आणि हाकेला ओ देईना, तेव्हा ताईनं दार फोडलं होतं. त्यानंतर ताईनं पार्लरला कुलूप घातलं आणि तान्ह्या लेकीला बाटलीनं दूध पाजत तिच्याकडे मुक्काम ठोकला. आई नव्हतीच, आई म्हणजे ताईच.

या खेपेला मात्र धाकटी सकाळी उठत होती, बाळाशी बोलत होती. आपण जिंकलो, असं तिनं मनाशी म्हटलंही होतं. आता ते जिंकणं कुणाचं म्हणायचं?

तिनं बाळाला छातीशी धरलं, बाटली पिशवीत टाकली आणि गल्लीच्या टोकाला पार्लर होतं तिकडे निघाली.

खुर्चीत एक जाड बाई बसली होती, अर्ध्या डोक्याला रंग लावलेला. ताईच्या हातात ब्रश होता.

"अगं, एवढ्या उन्हात बाळाला घेऊन?" ताई म्हणाली. मग तिला बहिणीचा चेहरा दिसला.

"वार कुठाय माझी?"

ब्रशमधला रंग फरशीवर ठिपकला. आरशातल्या बाईनं भुवया वर केल्या.

"मी नंतर येऊ का?" बाई म्हणाली.

"बसा हो, अर्धं डोकं घेऊन कुठं जाल?" ताई म्हणाली, पण तिची नजर धाकटीवरून हलली नाही. "कोण बोललं तुला?"

"म्हणजे खरं आहे."

"मागच्या खोलीत ओव्हन आहे. आधी वाफवली, मग वाळवली. अगदी स्वच्छ. हातमोजे घालून."

"तू मला फसवलंस."

"वाचवलं."

"मी नाही म्हटलं होतं, ताई!"

"नाही तू तेव्हापण म्हणत होतीस!" ताईचा आवाज चढला. "डॉक्टर नको, औषध नको, दार उघडायला नको. तुझं ते 'नाही' ऐकत बसले असते तर आज तू..." ती बाईच्या डोक्यावर उगाच ब्रश फिरवू लागली, रंगवलेल्या जागीच पुन्हा. "मला परत ते दार फोडायचं नव्हतं. एवढंच."

"आणि बाळाला काही झालं असतं म्हणजे?"

"बाळाला कसं होईल? खात तू होतीस."

"मी त्याला पाजते, ताई. नीट तापली नसली तर जंतू राहतात. नर्सबाई म्हणाल्या."

ताईच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्या गिऱ्हाइकानं तर नाहीच. ती मागच्या स्टुलावर बसली. रंगाचे हातमोजे तसेच मांडीवर.

"मला काही झालं नाही," ती पुटपुटली.

"तुला?"

"तुला द्यायच्या आधी मी घेतल्या. पहिला आठवडाभर. बाधतंय का ते बघितलं आणि मगच तुला दिल्या. तशी कशी देईन मी तुला?"

धाकटीनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"माझी वार," धाकटी एकेक शब्द उच्चारत म्हणाली, "तू खाल्लीस?"

"अगं बाई गं," खुर्चीतली बाई म्हणाली आणि तोंडावर टॉवेल धरला.

दुसऱ्या एखाद्या दिवशी धाकटी हसत सुटली असती. आज तिनं पिशवीतून बाटली काढून आरशापुढे, कंगव्यांच्या रांगेत ठेवली.

"माझ्या घरी येऊ नकोस," ती म्हणाली. "मी बोलवेपर्यंत पाऊल टाकायचं नाही."

मग वाट बघणं सुरू झालं. धाकटी येता-जाता बाळाच्या कपाळाला हात लावायची. थर्मामीटर उशाशीच असायचा. एका दुपारी अंग गरम लागलं, तेव्हा नवऱ्यानं पाळी सोडली आणि तिघंही दवाखान्यात धावले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, रक्त घेतलं, आणि अहवाल येईपर्यंत दोघं बाकावर बसून राहिली. काही निघालं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुपट्यांत फार गुंडाळलं होतं.

बाहेर पडता पडता धाकटीनं मागे वळून आपलं स्वतःचं विचारलं. त्या गोळ्या बंद झाल्या, आता मी पुन्हा तशी आजारी पडेन का?

"त्यांनी फायदा होतो असं सांगायला माझ्याकडे काही आधार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण तुमचा मागचा इतिहास आहे. तेव्हा जड वाटायला लागलं की मला फोन करायचा. चार दिवस बघू, असं करायचं नाही."

रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी धाकटी स्वतःला चाचपून बघायची. आहे का? आलं का? दिवस चांगला गेला तरी तिला त्याचा भरवसा वाटेना.

आणि एक दिवस ते आलं. दूध उतू जात होतं, बाळ टाहो फोडत होतं, आणि धाकटी शेगडीसमोर उभी होती. हात उचलायचा एवढंच होतं, तो उचलवेना. दूध ओट्यावरून खाली ठिबकायला लागलं. तिनं ते ओळखलं. जुनी ओळख होती. ओळखलं म्हणूनच कसाबसा हात गेला, शेगडी बंद झाली. मग तिनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि सांगितलं. नवऱ्याला लावला, पण तो गाडीवर होता, त्यानं उचलला नाही. थोडा वेळ ती फोन हातात धरून उभी राहिली. मग तिनं ताईला लावला.

"ये," एवढंच म्हणाली.

ताई धावतच आली असणार, कारण तिला धाप लागली होती आणि गळ्यातला ॲप्रनही काढलेला नव्हता. दार उघडंच होतं. या घराची एक किल्ली वर्षानुवर्षं तिच्याकडे होती. दार वाजवायचं असतं हे तिच्या गावीही नसे. आज ती उंबऱ्याबाहेर थांबली.

"आत येऊ का?"

धाकटीनं मान हलवली. ताई आत आली, बाळाकडे हात केले आणि पुन्हा थांबली. "घेऊ?"

"घे गं," धाकटी म्हणाली आणि खाली बसून रडली.

डॉक्टरीणबाईंनी औषध सुरू केलं, पाजताना चालेल असं. ते लागू पडायला वेळ लागला. मधले काही दिवस वाईट गेले, पण न्हाणीघराला आतून कडी लागली नाही. त्या तपकिरी गोळ्यांनी काही केलं होतं की नव्हतं, हे कुणालाच सांगता आलं नाही. नवऱ्यानं एकदा त्यावरून काहीतरी विनोद केला. दोघी बहिणींनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तो ताट उचलून धुवायला गेला. त्या जाड बाईनं गोष्ट गावभर केली आणि पार्लरची बरीच गिऱ्हाइकं तुटली. ताईनं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

माफी अशी तिनं कधी मागितली नाही. तिच्या तोंडाला तो शब्द माहीतच नव्हता. पण ती विचारायला लागली. खिडकी लावू का, बाळाला न्हाऊ घालू का, उद्या येऊ का.

"भाजीत अजून मीठ घालू?" एकदा तिनं चमचा वर धरून विचारलं.

"अगं घाल ना, त्यात काय विचारायचं!" धाकटी वैतागून म्हणाली.

ताई चमचा धरून तशीच उभी राहिली.

"घाल," धाकटी पुन्हा म्हणाली, जरा हळू. "थोडंसंच."