टेकडीवरचं पितळ
लढाई थांबून दोन महिने होत नाहीत तोच तांबटाच्या दुकानात पितळेचा सुकाळ झाला. तोफगोळ्यांची रिकामी नळकांडी गाडीवाला पोत्यांत भरून आणायचा. तांबट ती तापवून, ठोकून त्यांच्या फुलदाण्या करायचा आणि त्याची धाकटी बहीण छिन्नीने त्यांवर वेली कोरायची. हात असा, की पान आत्ता हलेल असं वाटावं. शहरात परतलेले लोक उजाड घरांत ठेवायला त्या हौसेने नेत.

बहिणीची आठ वर्षांची मुलगी सार्वजनिक नळावर पाणी भरायला गेली होती, तिथेच गोळा पडला. तेव्हापासून बहीण कुणाशी धड बोलत नव्हती. हाताला काम मिळावं म्हणून तांबटाने तिला दुकानात बसवलं आणि वर एक थाप मारली: हे पितळ आपल्याच सैन्याचं आहे.

एका सकाळी पोतं उतरवताना गाडीवाला सहज बोलून गेला, "टेकडीवरचा माल आता संपत आला. पळताना त्यांनी ढीगच टाकला होता तिथे."

छिन्नी थांबली. "कुठली टेकडी?" बहिणीने विचारलं.

"नळासमोरची, ताई. त्यांच्या तोफा तिथेच तर होत्या."

तांबटाने मान खाली घातली. गाडीवाल्याने काढता पाय घेतला.

"दादा, तुला ठाऊक होतं?"

"तू घरात बसून झिजत चालली होतीस गं. मला दुसरं काही सुचेना."

"त्यातलं एक तिचं असेल."

"असं बोलू नकोस."

"कुठलं ते आता कसं कळणार? सगळ्यांवर पानं काढून बसले मी."

तिने हात धुतले आणि ती निघून गेली. पुढच्या आठवड्यात ती इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला लागली.

तांबटाला चैन पडेना. एका दुपारी तो धापा टाकत टेकडी चढला. वरून नळ अगदी स्पष्ट दिसत होता. रांगेतल्या बाईची बादली दिसत होती, तिच्या कडेवरच्या पोराचं लाल टोपडंही.

तिथून तो थेट धोबीखान्यात गेला. बहीण चादर पिळत होती.

"टेकडीवर जाऊन आलो," तो म्हणाला.

तिने चादरीला आणखी एक पीळ दिला. मग तिने विचारलं, "दिसतं का तिथून?"

नाही म्हणावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"दिसतं," तो म्हणाला. "पोरं आहेत, हेही ओळखू येतं."

तिने चादरीचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं. दोघांनी मिळून ती पिळली, मग पुढची. त्याच्याशी बोलणं तिने सोडलं नाही, पण दुकानाची पायरी ती पुन्हा चढली नाही. पोटासाठी तांबट फुलदाण्या करतच राहिला. त्या आता साध्याच असत, आणि खपतही कमी.