बुडालेली कलेजी

सातपाटीच्या किनाऱ्यावर, सुकत घातलेल्या बोंबलांच्या मागे शकू विळी मांडून बसली होती. समोर मुशी, लहान जातीचा शार्क मासा. लेकाने, विपुलने, बोटीवरून मुद्दाम घरासाठी आणलेली. सून दीपालीला दूध उतरत नव्हतं, आणि बाळंतिणीला दूध यावं म्हणून गावात मुशीचंच कालवण देतात.

"काल दिवसभर रडत होता तुझा नातू," टोपली उचलताना शेजारची मंगळी म्हणाली. "आज आवाज नाय?"

"झोपलाय गप. गुणाचा हाय. तुझ्या पोरासारखा बोंबल्या नाय!"

मंगळी हसत पुढे गेली. तेवढ्यात नात समिधा बादलीत समुद्राचं पाणी घेऊन आली आणि शेजारी उकिडवी बसली. तिला काहीबाही शिकवायची शकूला भारी हौस. तिने मुशीचं पोट चिरून कलेजी बाहेर काढली.

"ही तिची शिदोरी. खाल्लेल्यातलं उरलं की तेल करून हितं साठवते. शिकार नाय मिळाली की यावरच जगते. तेल हलकं, म्हणून पाण्यात तरंगायलाबी हीच कामाला येते. टाक बादलीत, बघ कशी वर राहते."

समिधाने टाकली. कलेजी सरळ तळाला गेली.

"बुडाली की गो आजी!"

शकूने ती काढून बोटांनी चोळली. बारकी, काळपट, तेलाचा ओशटपणा कुठेच नाही. "उपाशी होती बिचारी. पोटात पिल्लं हायत ना, होतं ते सगळं त्यांना दिलं."

"मग जाळ्यात लय धडपडली असेल?"

"नाय गो बाय. धडपडायला जोर लागतो. शिदोरी संपली की मुशी उसळत नाय. हळू पोहते, उरलंसुरलं पुरवून वापरते. बघणाऱ्याला वाटतं, किती शांत..."

शकूचे हात थांबले.

"समिधा, बाळ शेवटचं कधी रडलं?"

"काल दिवे लागताना. सकाळी आईनं पाजायला घेतलं तर तोंडच उघडलं नाय. तूच म्हणालीस, झोपू दे."

शकू तशीच रक्ताळलेल्या हातांनी घराकडे धावली. दीपाली भिंतीला टेकून बसली होती. पुढ्यात पातळ पेजेची वाटी. बाळंतिणीला जास्त अन्न नको, पाणी तर घोटभरच, हा शकूचाच नेम. बाळाचे ओठ सुकले होते. तिने त्याचा तळपाय चोळला, मग चिमटा काढला. बाळ हललं नाही.

पालघरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्याच्या टाचेत सुई टोचली. चेहरा तेवढा आक्रसला. आवाज फुटला नाही.

"तुम्ही जेवता काय?" त्यांनी दीपालीला विचारलं. दीपालीने सासूकडे पाहिलं.

"मी देते ते," शकू म्हणाली.

बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं. आत्ताच काही सांगता येणार नाही, डॉक्टर म्हणाले. रडलं तर बरं.

शकूने पाण्याची बाटली दीपालीच्या हातात दिली. "पी. सगळं पी." मग ती दाराशी जाऊन बसली. आतून रडण्याचा आवाज आला की ती धडपडत उभी राहायची. दर वेळी ते दुसऱ्या कुणाचं तरी मूल असायचं.