एकाच घरी ठेवलेला पाळणा

मित्रांनो, मी उस्मानपुऱ्यातल्या अनंतरावांचा जुना संगणक. पैठण गेटजवळच्या दुकानात मला जोडलं, तेव्हा काय रुबाब होता माझा! आता दुपारी माझा पंखा घरघरतो आणि मला डुलकी लागते.

अनंतराव निवृत्त शिक्षक. ठिकठिकाणचे पाळणे रेकॉर्ड करून त्यांनी माझ्यात साठवले. त्यांच्यासारख्या हौशी मंडळींनी आपापले संगणक एकमेकांना जोडले होते. मुख्य यंत्र असं कुठलंच नाही. गाणं हवं असलं की एकानं शेजारच्याला विचारायचं, त्यानं पुढच्याला. चार घरं झाली की थांबायचं, नाहीतर सगळे दिवसभर विचारतच बसले असते. अर्धवट झोपेत ते प्रश्न मला लांबच्या हाकांसारखे वाटत.

सोयगावच्या चतुराबाईंनी गारखेड्यातल्या एका बारशात गायलेला पाळणा फक्त माझ्याकडे होता. "नकला झाल्या की मोल जातं," असं अनंतराव म्हणत. गाणं ऐकायला देत, ठेवून घेऊ देत नसत. मीही तोऱ्यात होतो.

पुढे चतुराबाई वारल्या. त्यांची नात श्रेया हिला मुलगी झाली. बारशाला आजीचाच आवाज हवा म्हणून ती सोयगावातल्याच रत्नमालाबाईंच्या, आमच्याशी जोडलेल्या संगणकावर तीन दिवस शोधत होती. तिची हाक चौथ्या घरी थांबली. मी पाचवा होतो.

बारसं उरकल्यावर रत्नमालाबाई पेढे घेऊन आल्या. "सर, लई शोधलं, पर आजीचा पाळणा कुठंच नाय. पोरगी लई रडली."

अनंतरावांचा चेहरा उतरला. त्यांच्या पत्नी यमुनाबाई म्हणाल्या, "अहो, विरजण एकट्या आपल्याच घरी असतं, तर परवा आपलं नासल्यावर दही कशानं लावलं असतं?"

त्याच दिवशी नियम बदलला. गाणं ज्या घरांवरून जाईल, तिथं त्याची एक नक्कल राहणार. अनंतरावांनी स्वतःहून धाडलेला पाळणा वाटेतल्या प्रत्येक घरी मुक्काम करत सोयगावला पोहोचला. खरं सांगतो, तो आता एकट्या माझा राहिला नाही याचं मला वाईट वाटलं.

यंदा माझी डिस्क बिघडली आणि सगळे पाळणे गेले. नवी डिस्क बसवून अनंतरावांनी मला पुन्हा शेजारच्यांशी जोडलं. मग त्यांनी चतुराबाईंचं नाव टाकलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी ते गाणं दुसऱ्याकडे मागत होतो.

मित्रांनो, जीव लावलेली गोष्ट एकट्यानं कडीकुलपात ठेवू नका, चार घरी राहू द्या. मला पहिल्याच घरी होकार मिळाला. चतुराबाई गाऊ लागल्या आणि अनंतरावांनी चष्मा काढून डोळे पुसले.