दहा किलो सहाशे

काजलच्या तोंडात घास जायचा तर समोर मोबाइल लागे. मोबाइलवर ससा नाचायचा, काजल त्याच्याकडे डोळे लावून बसायची आणि तेवढ्यात तिची आई रोहिणी एक घास सरकवायची. घास गालात तसाच राही. ससा थांबला की तोंड बंद. तुमच्या-माझ्या घरात रोज दुपारी हेच चालतं, म्हणून यात काही बिघडलंय असं कोणाला वाटत नाही.

रोहिणीला मात्र वाटायला लागलं होतं. अंघोळ घालताना पोरीच्या पाठीची हाडं तिच्या बोटांना लागत. मागच्या दिवाळीचा फ्रॉक या दिवाळीलाही नीट बसला, तेव्हा घरातले सगळे म्हणाले, कापड चांगलं निघालं. रोहिणी तो फ्रॉक हातात धरून कितीतरी वेळ बसून राहिली.

तापीकाठचं ते गाव आणि गावातलं हे खाऊनपिऊन सुखी घर. केळीची बाग, गोठ्यात दोन म्हशी. नवरा हेमकांत पुरुषोत्तमनगरला कारखान्यात नोकरीला. घरच्या केळीचे घड ट्रकमध्ये भरून दिल्लीकडे जात आणि घरातली तीन वर्षांची पोर दिवसभर बिस्किटांवर राही. येणारा-जाणारा तिच्या हातात एक पुडा ठेवी. नको म्हटलेलं बरं दिसत नसे. हेमकांतजवळ तिने काळजी बोलून दाखवली, तर तो हसला. मीपण लहानपणी असाच काडीपहिलवान होतो, म्हणाला, आता बघ, शर्टाची बटणं लागत नाहीत.

गल्लीच्या टोकाला अंगणवाडी होती. तिथली सेविका फुलीबाई मूळची तळोद्याच्या वरची, डोंगरातल्या पाड्यावरची. लग्न होऊन या गावात आली आणि वीस वर्षांपासून गावची पोरं मोजत होती. दर महिन्याला ती वजनासाठी काजलला बोलवायला येई. दर महिन्याला रोहिणीची सासू, सिंधुबाई, दारातूनच सांगे की पोरगी मामाकडे गेली आहे. आत काजल खेळत असल्याचा आवाज येत असे. पाचव्या वेळी फुलीबाई म्हणाली, "काकू, हिचं नाव आता मामाच्या गावच्या रजिस्टरला लावू का?" आणि हसत निघून गेली. सिंधुबाईला ते हसू झोंबलं.

"आपला घरमा काय कमी शे?" त्या दिवशी ती रोहिणीला म्हणाली. "दूध शे, केळी शेतस. ती अंगणवाडीनी खिचडी ज्यास्ना घर काही नही त्यास्नासाठे. नाव यादीमा गयं ते गावमा तोंड कसं दखाडू?"

यादी म्हणजे कमी वजनाच्या मुलांची यादी. नंदुरबार जिल्हा म्हटलं की बाहेरची माणसं ज्या एका शब्दाने आपल्याला ओळखतात, तो कुपोषण हा शब्द डोंगरातल्या लोकांसाठी आहे, असं सपाटीवरच्या घरांनी परस्पर ठरवून टाकलं आहे. रोहिणी बी.एस्सी. झालेली. तिलाही मनातून तसंच वाटत होतं. म्हणूनच तिला भीती जास्त वाटत होती.

पुढच्या महिन्यात सिंधुबाई एका लग्नाला शहाद्याला गेली, तेव्हा रोहिणी दुपारी काजलला कडेवर घेऊन अंगणवाडीत पोचली. मुलं घरी गेली होती. फुलीबाई एकटी पोषण आहाराची भांडी मोजत होती. तिने काही विचारलं नाही. काजलला काट्यावर उभं केलं, मग तिच्या दंडाभोवती रंगीत पट्टी गुंडाळली. पट्टीचा बाण हिरव्यातून निघाला आणि पिवळ्यात थांबला.

"दहा किलो सहाशे," फुलीबाई म्हणाली.

"म्हणजे?"

"या वयाला किमान अकरा तरी पाहिजे. त्याच्या वर असतं तर मी निवांत झाले असते."

फुलीबाईने नोंद करायला मोबाइल हातात घेतला, तसं रोहिणीने पटकन तिचा हात धरला. जे बोलायचं नव्हतं ते बोलून गेली. ताई, बारा लिहा. मी घरी सगळं करते, अंडी देते, डॉक्टरला दाखवते, फक्त यादीत नाव नको. आईंना कळलं तर घरात राहणं कठीण होईल. एवढंच करा माझ्यासाठी.

फुलीबाईने मोबाइल बाजूला ठेवला. काजलला एक ठोकळा दिला आणि चटईवर बसली. मीटिंगांमुळे तिची मराठी सरकारी वळणाची झाली होती. पण आता ती हळू, शब्द शोधत बोलली.

"वहिनी, माझी रूपली तुमच्या काजलएवढी होती. मला नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. दुसऱ्या बायांना मी शिकवणार, आणि माझीच पोर यादीत? मॅडम काय म्हणतील? मी पेन घेतलं आणि एक किलो वाढवून लिहिलं. पुढच्या महिन्यात आणखी थोडं. कार्डावरची रेघ कशी छान वर चालली होती. पोर खाली चालली होती."

रोहिणी तिच्यासमोर चटईवर बसली.

"मग तिला ताप आला. दवाखान्यात डॉक्टरने आधी कार्ड मागितलं. बघून म्हणाला, वाढ तर चांगली आहे, साधा ताप दिसतो, औषध देतो. मी समोर उभी होते, वहिनी. मला माहीत होतं की कार्ड खोटं आहे. आणि माझं तोंड उघडलं नाही." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "दोन दिवसांनी तिने मान टाकलेली. तेव्हा सांगितलं. बावीस दिवस ती तिथे होती. वाचली. आता नर्सिंगला आहे. पण त्या दोन दिवसांचं उत्तर माझ्याकडे आजही नाही."

बाहेर कोणाचा तरी ट्रॅक्टर गेला. काजल ठोकळा जमिनीवर आपटत होती.

"तुम्ही म्हणाल तर मी बारा लिहीन," फुलीबाई म्हणाली, "पण मग उद्या ती आजारी पडली, तर तुम्ही कोणाला काय सांगाल?"

रोहिणीला रडू आलं नाही. तिला फक्त आपल्या हाताची लाज वाटली, त्या हाताने आत्ता मोबाइल अडवला होता. "दहा किलो सहाशे लिहा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फुलीबाईच्या सांगण्यावरून तिने काजलला सरकारी दवाखान्यात नेलं. जंताचं औषध मिळालं, रक्त तपासलं गेलं. डॉक्टरने बिस्किटं बंद करायला सांगितली आणि दर आठवड्याला वजन करायला. मोबाइलही कपाटात गेला. सिंधुबाई लग्नाहून आली तेव्हा रोहिणीने तिला सगळं एका दमात सांगून टाकलं. सिंधुबाईने ऐकलं आणि लग्नाची साडी बदलायला आत गेली. सहा दिवस बोलली नाही. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज तेवढा वाढला.

ते सहा दिवस रोहिणीला सहा महिन्यांसारखे गेले. काजल सकाळी अंगणवाडीत जाऊ लागली, पण घरी ताटासमोर मोबाइलसाठी आकांत मांडी. त्यात सर्दी झाली आणि पहिल्याच आठवड्यात वजन शंभर ग्रॅमने उतरलं. आपण घरभर वितुष्ट आणलं आणि पोरही हातची चालली, असं रोहिणीला वाटलं. फुलीबाई एवढंच म्हणाली की सर्दीत असं होतं, उद्या पाठवा.

सातव्या दिवशी दुपारी सिंधुबाईने चप्पल घातली. पोरीला घेऊन येते, म्हणाली. तिच्या आवाजावरूनच रोहिणी समजली की ती कायमची घेऊन येणार आहे. रोहिणी मागोमाग धावली.

अंगणवाडीच्या दारात सिंधुबाई थांबली होती. आत पंधरा-सोळा मुलं भिंतीला पाठ लावून ओळीने बसलेली. काजल मध्येच, दोन मुलांच्या गर्दीत दाबून. समोर खिचडीचं ताट, हनुवटीला डाळ, फ्रॉकवर शितं. शेजारचा पोरगा मोठा घास घेई, की ही त्याच्याकडे बघून त्याहून मोठा घेई. स्वतःच्या हाताने. कोणी सरकवून देत नव्हतं, नाचणारा ससा नव्हता. ताट पुसून झालं तसं तिने ते मदतनीस बाईकडे उचललं.

"माले आखो."

घरात या पोरीने आणखी कधीच मागितलं नव्हतं. मग तिला दारात आजी दिसली. तिने शेजारच्या पोराला कोपराने ढकललं आणि चटईवर थोडी जागा केली. "आजी, बठ ना."

सिंधुबाई चप्पल काढून आत गेली आणि गुडघे धरत, कण्हत, त्या ओळीत बसली. रोहिणी दाराबाहेर उभी राहून हसली की रडली, तिचं तिलाच कळलं नाही.

त्या संध्याकाळपासून त्या घरात एक नवीन पद्धत सुरू झाली. पुरुषांची पंगत आधी, मग बायका, आणि पोर मध्येच केव्हातरी मोबाइलसमोर, हे बंद झालं. दादर ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून काजलचं ताट सगळ्यांच्या ताटांबरोबर मांडायचं आणि सगळ्यांनी एकत्रच बसायचं. हेमकांत पहिल्या दिवशी कुरकुरला. आठ दिवसांत तोच पोरीशी घासांची शर्यत लावू लागला. दोन महिन्यांनी काटा अकरा किलो शंभर दाखवत होता. रोहिणी अजूनही काट्याजवळ उभी राहिली की श्वास धरते. पण आता तिला आकड्याची भीती वाटते, लोकांची नाही.

पुढे उन्हाळ्याच्या तोंडाशी सिंधुबाईच्या अंगणात बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, करायला गल्लीतल्या बाया जमल्या होत्या. ज्वारीचं पीठ शिजत होतं, ओल्या कापडावर बिबड्या थापल्या जात होत्या. शेजारची कौसाबाई हात न थांबवता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "का वं सिंधुबाई, तुन्ही नात खिचडीनी रांगमा बठस म्हने?"

सगळ्यांचे हात संथ झाले. रोहिणीने खाली मान घातली.

"हा, बठस," सिंधुबाई म्हणाली. "वजन कमी व्हतं तिनं. यादीमा नाव व्हतं. आते भरी ऱ्हायनं." मग तिने कौसाबाईकडे सरळ पाहिलं. "तुन्हा नातूनं वजन कितलं शे?"

कौसाबाईने पुढची बिबडी थापायला घेतली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्यावरून पदर पुढे ओढून, नातवाचा हात धरून ती अंगणवाडीच्या काट्यापुढच्या रांगेत उभी होती. तिच्यामागे आणखी दोघीजणी.

वाचकहो, भरल्या घरातलं मूलही उपाशी राहू शकतं, हे मान्य करायला आपल्याला फार जड जातं. खोटा आकडा लिहून आपली अब्रू राहील की नाही, कोण जाणे. पण ज्याच्या हातात उपाय आहे त्याचे डोळे मात्र आपण नक्की बांधतो. तुमच्या गल्लीच्या टोकालाही एक अंगणवाडी असेल. आपल्या मुलाला तिथल्या काट्यावर उभं करा, आणि जो आकडा येईल तोच लिहू द्या.